न दचकणारी कुत्री

१४ जानेवारी

धाकट्यास दादाचे आशीर्वाद.

तू फोन उचलत नाहीस म्हणून लिहायला बसलो. फोन वाजून वाजून थांबतो, पत्राचं तसं नसतं. रागाने फाडलंस तरी फाडण्याआधी दोन ओळी तुझ्या डोळ्यांखालून जातील, एवढा मी तुला ओळखतो.

तुझी चिठ्ठी पोचली. एकच ओळ. 'ते कुत्रं जिवंत असेपर्यंत आम्ही तिघं उंबरा चढणार नाही.' ती मी आप्पांना वाचून दाखवली नाही. "काय लिहितो?" त्यांनी विचारलं, तर म्हटलं, "सुखरूप पोचले." चिठ्ठी आली म्हणजे पोचलाच असणार, तेव्हा खोटं बोललो असं मी धरत नाही. आप्पा म्हणाले, "मेहुण्याच्या घरी माणूस दोन दिवस पाहुणा, तिसऱ्या दिवशी घरगडी. येईल." यात राग किती आणि वाट बघणं किती, ते तूच तोल.

तुझ्या टिकलीच्या गालाचे टाके काढले का? तुझी वहिनी रोज सकाळी मलाच विचारते, जसं काही मला तिकडून स्वप्नात कळवलं जातं.

कापश्या मागच्या शेडमध्ये साखळीला आहे. भाकरीला तोंड लावत नाही. माझ्या पायाशी येतो, पाय हुंगतो आणि पुन्हा तुमच्या खोलीच्या दाराकडे तोंड करून बसतो. टिकली सात वर्षांची, तो चार वर्षांचा. तो पिल्लू असताना त्याला तिच्याच फ्रॉकमध्ये गुंडाळून आणला होता. हे तुला विरघळवायला लिहीत नाही. घडलं ते घडलं, आणि त्या पोरीचा गाल मीच फडक्याने दाबून धरला होता. अजून हाताला ते ऊन ऊन लागतं.

पण थोडा विचार कर. आपली कुत्री आजवर घरच्या माणसाला चावली नाहीत. आजोबा खाणीत सुरुंग लावायला लागले, तेव्हा राखणीला ठेवलेलं प्रत्येक कुत्रं पहिल्याच बाराला शेपूट घालून पसार व्हायचं. म्हणून त्यांनी घमेल्याची परीक्षा काढली. पिल्लं दीड महिन्याची झाली की गवतावर मोकळी सोडायची, मागून गुपचूप जायचं, घमेलं एका हातात लोंबतं धरायचं आणि हातोडीचा एक ठोका. दचकलं ते भित्रं, ते मागेल त्याला फुकट. ज्याने मानसुद्धा वळवली नाही ते आपलं, आणि पुढची जोडीही त्याचीच लावायची. आजोबांनी केलं, आप्पांनी केलं, मीही केलं. न दचकणारी पांढरी कुत्री म्हटलं की लोक आपल्या दाराशी येतात. आप्पांचा तो सरदारचा किस्सा तुला पाठच आहे. डंपर मागे येत होता, सगळे ओरडत होते, सरदार जागचा हलला नाही. "मेला, पण हटला नाही." अशा रक्ताचं जनावर उगाच दात लावेल का?

घरात सगळ्यांना पाठ असलेला नियम एकच. झोपलेल्या कुत्र्याला हाक मारल्याशिवाय हात लावायचा नाही. आप्पांनी त्या वेळी टिकलीला झापलं ते चुकलं, हे मी मान्य करतो. रक्त वाहत असताना "हाक का मारली नाहीस?" म्हणून विचारायचं नव्हतं. ती म्हणाली, "मारली." ते म्हणाले, "मारली असतीस तर तो उठला असता." चाव्यापेक्षा हे वाक्य तुला जास्त लागलं असणार. पण लेकरू घाबरलं की आठवण इकडची तिकडे होते. खोटं बोलते असं मी म्हणत नाही.

मला थोडी मुदत दे. जनावरांच्या डॉक्टरीण बाईंना बोलावलं आहे. त्या बघतील, मग ठरवू. एवढंच मागतो.

तुझा दादा

२ फेब्रुवारी

धाकट्यास आशीर्वाद.

अक्षर लागत नसेल तर समजून घे. उजव्या अंगठ्याला जरा लागलं आहे. खाणीवर दगडाचं काही ना काही चालूच असतं.

टिकलीच्या आईने तुझ्या वहिनीला फोन केला होता. तुला न सांगता केला असेल तर तिला रागावू नकोस. टाके निघाले, ताप नाही, जेवते, हे ऐकून बरं वाटलं. पुढचं ऐकून वाटलं नाही. टिकली म्हणे आता कशाच्याही जवळ जाताना आधी हाक मारते. आईच्या जवळ जाताना "आई, आई, आई." खुर्चीवर बसायच्या आधी खुर्चीला. बाहेरून आली की बंद दारासमोर उभी राहून दाराला तीनदा हाक मारते, मग कडीला हात लावते. मामाची मुलं हसतात. वहिनीने फोन ठेवला आणि कणीक तशीच टाकून अंगणात जाऊन उभी राहिली.

मी आपला देवापुढे बसलो. रोज पहाटे बसतो तसाच, पण त्या दिवशी तोंडातून नाव निघेना. मनात एकच येत राहिलं. जी पोर हाक मारायला विसरली होती, ती आता एवढ्या हाका का मारेल? विसरलेला माणूस पुढे सांभाळून राहील, हे खरं. पण दाराला कोण हाक मारतं? दाराला हाक तीच व्यक्ती मारते जिची पहिली हाक कुणी खरी धरली नाही.

तिला एक विचार. उलटतपासणी करू नकोस, सहज, जवळ घेऊन विचार. कापश्या कुठल्या कुशीवर निजला होता, ती कुठून गेली, काय म्हणून हाक मारली, किती जोरात. मला उत्तर कळव. मी कशासाठी विचारतोय ते आत्ता लिहीत नाही.

ढगी गाभण आहे, पोट खाली आलं आहे. आप्पा रोज तिच्या पाठीवरून हात फिरवतात आणि म्हणतात, "या खेपेला सगळी आपली निघणार." परवा मला म्हणाले, "धाकट्याला कळव, पिल्लांना बघायला ये म्हणावं." मी हो म्हटलं. म्हणून कळवतो.

दादा

९ फेब्रुवारी

धाकट्या,

तुझं उत्तर आलं. तीन ओळी लिहिल्यास, पुष्कळ झाल्या. 'डाव्या कुशीवर होता. पाठीमागून गेली. कापश्या, कापश्या, चल खेळू, असं तीनदा. मामाला हाक मारते तेवढ्या मोठ्याने.'

आता मी लपवलेलं सांगतो. अंगठ्याला दगड लागला नव्हता. कापश्या चावला.

चूक त्याची नाही, मीच करून घेतलं. वहिनीचा तो फोन आला त्याच दिवशी दुपारी तो शेडमध्ये निजला होता. मी पाठीमागून गेलो आणि हाक मारली. एकदा, दोनदा, मग चांगली खणखणीत. ढगी पलीकडून उठून शेपूट हलवायला लागली. कापश्याचा कानही हलला नाही. मग मी टिकलीने ठेवला असेल तसा त्याच्या मानेवर हात ठेवला. तो उठला तोच दात लावत उठला. आणि मी दिसताच त्याने जे केलं ते मला विसरता येत नाही. तोंड सोडलं, जमिनीला पोट लावलं आणि सरपटत येऊन माझा अंगठा चाटायला लागला. तोंडाला माझंच रक्त. त्या दिवशी आपण सगळे टिकलीकडे धावलो होतो, त्याने काय केलं ते कुणी पाहिलं नव्हतं. तेव्हाही त्याने हेच केलं असणार.

काल डॉक्टरीण बाई आल्या. तरुण आहेत, कमी बोलतात. आप्पा ओट्यावर बसले होते, त्यांना नमस्कार करून त्या सरळ शेडमध्ये आल्या. कापश्या माझ्याकडे बघत उभा होता. त्यांनी त्याच्या पाठीमागे किल्ल्यांचा जुडगा वाजवला, मग शीळ घातली, मग हातातली पत्र्याची पेटी काठीने बडवली.

"याला हाक मारून बोलावता कसं?" त्यांनी विचारलं.

म्हटलं, "बाई, खडीचं यंत्र सुरू असलं की माणूस माणसाला हाक मारत नाही, कुत्र्याला कुठून मारणार? आम्ही हाताने बोलतो. बोट वर केलं की बसतो, तळवा खाली केला की लोळतो."

"आणि अंधारात?"

"अंधारात जरा हट्टी होतात. ऐकत नाहीत. आप्पा मग छडी घ्यायचे."

त्यांनी पेटी खाली ठेवली. मला वाटलं, बाईंना आपली कुत्री ठाऊक नाहीत, सांगायला हवं. म्हणून मी सांगितलं, आणि छाती काढून सांगितलं. "बाई, यांच्या कानाशी घमेलं बडवलं तरी दचकत नाहीत. तशीच निवडतो आम्ही. तीन पिढ्या."

वाक्य तोंडातून बाहेर पडलं आणि मला ते ऐकू आलं.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं नाही, कापश्याच्या पाठीवर हात ठेवला आणि त्याच्याशी बोलावं तशा हळू म्हणाल्या, "याला दोन्ही कानांनी ऐकू येत नाही. जन्मापासून." मग समजावून सांगितलं. काही पांढऱ्या कुत्र्यांत रंगाबरोबरच बहिरेपण येतं. पिल्लू काही आठवड्यांचं होईतो कान आतून मिटतो. काहींचा एकच कान जातो, ती सगळ्यांसारखीच वागतात, कुणाला कळत नाही, पण पुढच्या पिल्लांत ते उतरतं. "आणि तुम्ही तर घरातल्या घरात जोड्या लावत आलात," त्या म्हणाल्या. "नेमकी न ऐकणारी निवडून."

एकही शब्द त्यांनी चढ्या आवाजात उच्चारला नाही. उच्चारला असता तर बरं झालं असतं.

त्या गेल्यावर मी शेडमधल्या पालथ्या बादलीवर बसून राहिलो. सरदार आठवला. डंपर मागे येतोय, सगळे ओरडतायत. आठव, त्याचं तोंड कुठे होतं? आप्पाच सांगतात, खाणीच्या कडेकडे. त्याने डंपर पाहिला नाही, ऐकला नाही. आपण त्याला पुरून वर दगड उभा केला, आणि त्याच्या भावाची जोडी लावली, हे शौर्य रक्तात राहावं म्हणून. त्याच्याआधीचा तो काळ्या कानाचा सुरुंगाच्या जागेवरून उठला नाही. भोंगा वाजला, पोरं धावली, तो उन्हात निजून राहिला. किती जण असे गेले आणि प्रत्येकाची आपण गोष्ट केली.

मी पहाटे देवाला हाक मारतो. तोही वळून बघत नाही. मी त्याला कधी हट्टी म्हटलं नाही, की छडी घेतली नाही. म्हणतो, असेल त्याचं काही. मुक्या जनावराला तेवढीही सवलत दिली नाही.

टिकलीला सांग. आजच सांग. तिने हाक मारली होती.

दादा

२६ फेब्रुवारी

धाकट्यास आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं. 'बहिरं असो नाहीतर मुकं, पोरीचा गाल भरून येणार नाही. अट तीच.' तू बाप आहेस, तुझ्या जागी मी असतो तर मीही हेच लिहिलं असतं, कदाचित शिव्या घालून. टिकलीला सांगितल्यावर ती काय म्हणाली, ते मात्र लिहिलं नाहीस. तिच्या आईने वहिनीला सांगितलं. म्हणे, "पण आप्पांना कुठे माहीत आहे?" आणि त्या संध्याकाळी दाराला पुन्हा हाक मारली.

तर गोष्ट आप्पांपाशी येऊन थांबली आहे.

मी त्यांना सांगितलं. ओट्यावर, दिवसाउजेडी, वहिनी समोर असताना. पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बाईला कुत्रं दाखवायला बोलावलं होतंस की बाप?"

"आप्पा, त्यांनी पेटी बडवली. तो हलला नाही."

"नाहीच हलणार. माझ्या बापाने निवडलेलं रक्त आहे. पेटीला हलायला ते काय तुझ्या सासऱ्याचं कुत्रं आहे?"

वहिनी म्हणाली, "माझ्या बाबांचं कुत्रं तुमच्याच घरचं आहे, आप्पा. दचकलं म्हणून तुम्ही फुकट दिलेलं. बारा वर्षं झाली, अजून बाबांच्या पायाशी निजतं, नाव घेतलं की उठतं."

आप्पा काठी घेऊन उठले. तुला माहीत आहे, वहिनीपुढे ते गप्प होतात. पण ते पटल्यामुळे नाही, सून म्हणून. दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. जेवणात मीठ हवं असलं तरी वहिनीला सांगायचे, "त्याला म्हणावं मीठ सरकव."

मग एका सकाळी मी खाणीवरून डबा घ्यायला परत आलो, तर शेडमधून आवाज आला. आप्पा कापश्याच्या पाठीमागे काठी टेकून उभे होते. तो उन्हाकडे तोंड करून बसलेला. ते त्याला हाक मारत होते. आप्पांनी कुत्र्याला तोंडाने हाक मारलेली मी आयुष्यात ऐकली नव्हती. "कापश्या," म्हणाले. थांबले. "कापश्या, अरे." मग सरदारचं नाव घेतलं. मग त्या काळ्या कानाच्याचं. एकेक करून जुनी सगळी नावं त्यांनी घेतली, जशी काही त्यांच्यातलं कुणीतरी वळून बघेल. कापश्या ऊन खात होता. मी डबा न घेताच परत गेलो. उपाशी राहिलेलं बरं, पण त्यांना मी दिसायला नको होतो.

इकडे मी ज्यांना ज्यांना कुत्री दिली, त्यांच्याकडे जाऊन सांगतो आहे. सुटीच्या दिवशी सायकल काढतो. लाकडाच्या वखारीवरचा म्हातारा राखणदार म्हणाला, "बहिरं आहे होय? मला वाटलं माझ्यासारखंच मानी आहे. आता समजलं आमचं इतकं कसं जमतं, मी बडबडतो, ते ऐकत नाही." हसला आणि मग विचारात पडला. म्हणाला, "पावसात फाटकाबाहेर राहिलं होतं. मी ओरडून ओरडून दार लावून घेतलं. म्हटलं, येत नाही तर मर." आणखी एका घरी बाई दारातूनच म्हणाली, गाडीखाली गेलं हो, मागच्या वर्षी. मी विचारलं नाही, गाडी पुढून आली की मागून.

सगळ्यांना दोन गोष्टी सांगतो. निजलेलं असलं तर लांबून जमिनीवर पाय आपटा, हादरा त्याला कळतो. नाहीतर समोर जाऊन वास घेऊ द्या, मग हात लावा. आणि लहान मुलांबरोबर एकटं सोडू नका. हे बाईंनी शिकवलं. साधी गोष्ट आहे. कुणीही शिकलं असतं, आधी कळलं असतं तर.

ढगीला पिल्लं झाली. पाच. सगळी पांढरीशुभ्र, ओंजळीत मावतील एवढी. आप्पांनी बघितली आणि कुणाचंही नाव ठेवलं नाही.

दादा

३१ मार्च

धाकट्यास दादाचे आशीर्वाद.

हे पत्र सावकाश वाच. यानंतर मी तुला गळ घालणार नाही.

पिल्लं दीड महिन्याची झाली. काल सकाळी आप्पांनी वहिनीला सांगितलं, "घमेलं आण." मी म्हटलं, "आप्पा, आता कशाला?" तर म्हणाले, "सगळ्यांचं ऐकलं. आता माझ्या हाताला ऐकू दे."

पिल्लं गवतावर सोडली. आप्पांना आता वाकवत नाही, तरी ते मागून चोरपावलांनी गेले, त्यांचे पाय अजून ती चाल विसरले नाहीत. घमेलं डाव्या हातात लोंबतं धरलं, ठोका एकच मारला आणि नेहमीसारखा खणखणीत. दोन पिल्लं जागच्या जागी उडाली आणि धडपडत ढगीच्या पोटाखाली शिरली. तीन तशीच खेळत राहिली. एक गवताची काडी चावत होतं, त्याचं काडीवरून लक्षही हटलं नाही.

मी आप्पांकडे बघत होतो. त्या तिघांना बघून त्यांचा चेहरा सवयीने फुलला. डोळ्यांच्या कडेला त्या सुरकुत्या पडल्या, आपण लहानपणी ज्यांची वाट बघायचो त्या. क्षणभरच. मग त्यांना आठवलं, आणि तो चेहरा माझ्यासमोर उतरत गेला. हातोडी गवतात पडली. ती उचलायला ते वाकले नाहीत, मीही नाही.

मग ते तिथेच खाली बसले. पाय पसरून, लहान मुलासारखे. त्या काडीवाल्याला त्यांनी समोरून हात दाखवला, हुंगू दिला, मग उचलून मांडीवर घेतलं. मी त्यांना हे शिकवलं नव्हतं. वखारीच्या म्हाताऱ्याला सांगितलेलं वहिनीला सांगत होतो, तेव्हा ओट्यावरून त्यांनी ऐकलं असणार. बराच वेळ त्याचे कान बोटांत धरून बसले. मग म्हणाले, "काय रे, एवढी वर्षं मला वाटत होतं, घाबरतं ते वाईट."

मी त्यांच्याशेजारी गवतात बसलो.

"माझ्या बापाला कुणी सांगितलं असतं तर त्याने ऐकलं असतं का?"

म्हटलं, "माहीत नाही, आप्पा."

"नसतं ऐकलं," ते म्हणाले. "मी नाही ऐकलं, तर तो काय ऐकतोय."

त्यांनीच ठरवलं, मी नाही. डॉक्टरीण बाईंना निरोप धाडला आहे. ढगी आणि घरातली सगळी मोठी कुत्री, कुणाचीही यापुढे पैदास होणार नाही, बाई शस्त्रक्रिया करतील. पिल्लंही योग्य वयाची झाली की तीच वाट. ऐकणारी दोन मागणारे पुष्कळ आहेत, ती चांगल्या घरी जातील. ती तीन आपल्याकडे राहतील, कारण त्यांना सांभाळायचं कसं ते आता इथेच ठाऊक आहे. दारावरची पिल्लं मिळतील म्हणून लावलेली पाटी काढली. दाराशी माणसं येतील, परत जातील. आजोबांपासूनचं नाव आप्पांच्या हयातीत, त्यांच्याच हाताने संपलं. रात्री ते नेहमीपेक्षा एक भाकरी कमी जेवले, एवढंच.

आता कापश्या.

मी त्याला मारणार नाही. तू मोठ्या मनाने माफ कर नाहीतर करू नकोस, पण हे स्पष्ट लिहितो, मुदत मागत नाही. त्याला आपण तसा घडवला. त्याला माहीत नसलेल्या गुन्ह्यासाठी आधीच तो पुरेसे दिवस साखळीला राहिला आहे. आणि टिकलीसाठी मारायचं म्हणशील, तर ज्या दिवशी तिला कळेल की तिची हाक न पोचण्याची शिक्षा त्याला झाली, त्या दिवशी ती दाराला हाक मारणंही सोडेल, असं मला भय वाटतं. मी चुकत असेन. बाप तू आहेस.

म्हणून मी एवढं केलं आहे. खाणीच्या जुन्या ऑफिसची खोली मालकांनी मला वापरायला दिली. तिला तारेचं कुंपण घातलं. मी आणि कापश्या गेल्या आठवड्यापासून तिथे राहतो. वहिनी डबा पाठवते आणि सोबत टोमणा, "या वयात कुत्र्याबरोबर बिऱ्हाड थाटलं." तुमचं घर तुमच्यासाठी मोकळं आहे, उंबऱ्याच्या आत आता ते कुत्रं नाही. तुझी अट शब्दाला धरून पाळली गेलेली नाही, ते मला कळतं. तुला पुरेसं वाटलं नाही तर नको येऊस. मी रागावणार नाही. इथली जमीन लाकडी फळ्यांची आहे. मी सकाळी दारातूनच टाच आपटतो, तो डोळे उघडतो, आधी मला शोधतो, मग शेपूट हलवतो. रोज एकदा तरी मला वाटतं, टिकलीने हे बघावं. लांबून. तुझा हात धरून.

पत्र इथे संपवत होतो. आज संध्याकाळी आप्पा काठी टेकत इथवर चढून आले. आल्या आल्या दारात टाच आपटली, कापश्याने मान वर केली, मग आत आले. विचारलं, "धाकट्याला लिहितोस?" हो म्हटलं. "जागा ठेव थोडी." त्यांना लिहायची सवय नाही, तुला माहीत आहे. सहीपलीकडे त्यांचं अक्षर मी पाहिलेलं नाही. म्हटलं, "तुम्ही सांगा, मी लिहितो." म्हणाले, "नाही. तुझ्या हातचं तिला खरं वाटणार नाही."

खालच्या ओळी त्यांच्या आहेत. पेन धरून ते खूप वेळ बसले होते. कापश्या त्यांच्या पायाशी होता. ओळ ओढून तिरकी गेली आहे, ती टिकलीला तूच वाचून दाखव.

दादा

टिकलीस आशीर्वाद.
तू हाक मारली होतीस. मला कळलं.
दाराला आता नको मारूस. दार उघडंच आहे.
आप्पा